कोजिमा गेला, मग मेटल गिअर कुणाचा?

लातूरच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "सर, मेटल गिअर सॉलिड डेल्टा हा गेम घ्यायचा विचार चाललाय. पण त्यात हिदेओ कोजिमाचा काहीच हात नाही म्हणतात. ज्याने सिरीज सुरू केली, इतकी वर्षं वाढवली, तोच नसेल तर ती सिरीज जिवंत आहे म्हणायचं, का कंपनी नुसतं नाव विकतीय? आणि यापुढे नवीन भाग निघेल का?"

तुला आधी एक उलटा प्रश्न. तुझ्या होस्टेलवर बीजीएमआय, म्हणजे पबजीचा आपल्याकडचा अवतार, किती पोरं खेळतात? अख्खा मजला खेळत असेल. त्यातल्या कितीजणांना ब्रेंडन ग्रीन कोण ते माहीत आहे? पबजीच्या नावातले पहिले 'पी' आणि 'यू' म्हणजे 'प्लेयरअननोन', आणि ते पबजी रचणाऱ्या या ग्रीनचं ऑनलाइन टोपणनाव. २०१७ मध्ये पबजी आला. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आपल्याकडे सुरू झाला आणि दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, ग्रीन कंपनीतून बाहेर पडून ॲमस्टरडॅममध्ये स्वतःचा स्टुडिओ चालवायला लागला. लातूर, नांदेड, परभणीत एकाचंही चिकन डिनर (पबजीतली जिंक) त्याच्यावाचून अडलं नाही. मधे सरकारने गेम काढून टाकला तेव्हा मात्र सगळ्या गावाला कळलं.

म्हणजे माणूस गेला की सिरीज संपते, असं सरसकट म्हणता येत नाही. तरी मेटल गिअरच्या बाबतीत तुला शंका आली ती बरोबरच आहे. फरक कुठे पडतो ते सांगतो. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. आधी पुण्यात, परदेशी स्टुडिओंची अर्धीमुर्धी कामं करणाऱ्या टीममध्ये, आणि आता संभाजीनगरात सिडकोला आमचीच एक छोटी टीम आहे. दुसऱ्याने सुरू केलेला खेळ तिसऱ्याच्या हातात आला की काय होतं, हे पाहण्यातच माझी उमेदीची बरीच वर्षं गेलीत.

पबजीचा जीव एका वाक्यात सांगता येतो: शंभर जण उतरतात, वर्तुळ लहान होत जातं, शेवटी एक उरतो. हे वाक्य ज्याच्या हाती पडलं त्याला पुढचं काम करता येतं. मेटल गिअरचंही असं एक वाक्य आहे, लढू नको, लप. १९८७ मध्ये एमएसएक्स २ या कॉम्प्युटरला पडद्यावर जास्त शत्रू आणि गोळ्या झेपत नव्हत्या, त्या अडचणीतून कोजिमाने लपण्याचा खेळ काढला. पण नुसतं लपणं म्हणजे मेटल गिअर असतं तर लपण्याचे डझनभर गेम नंतर आले, त्यांनाही आपण तेच म्हटलं असतं. तू १९९८ चा पहिला 'सॉलिड' खेळला असशील तर सायको मँटिस हा खलनायक आठवत असेल. तो तुझं मेमरी कार्ड वाचतो आणि तू कोनामीचे, म्हणजे ही सिरीज काढणाऱ्या कंपनीचे, दुसरे कोणते गेम खेळलास ते तोंडावर सांगतो. तुझी प्रत्येक चाल त्याला आधीच कळते. शेवटी उपाय काय, तर कंट्रोलरची वायर एक नंबरच्या सॉकेटमधून काढून दोन नंबरच्या सॉकेटमध्ये लावायची. तिसऱ्या भागातला 'द एंड' हा म्हातारा नेमबाज तर त्याहून भारी. त्याच्याशी जंगलात तासभर शिकार खेळ, नाहीतर मधेच सेव्ह करून आठवडाभर गेम बंद ठेव. परत येतोस तेव्हा म्हातारा वयाने मेलेला असतो.

आता हे डिझाइन डॉक्युमेंटमध्ये कसं लिहिणार? "दर भागात एक विक्षिप्त गोष्ट असावी" असं लिहिलं तर पुढची टीम मुद्दाम विक्षिप्तपणा करणार आणि ते दोन मिनिटांत उघडं पडणार. तो एका माणसाचा स्वभाव होता, आणि त्याच्यासोबत तो दारातून बाहेर गेला. २०१५ च्या फँटम पेन या भागाच्या वेळी कोजिमा आणि कोनामीचं इतकं बिनसलं, की गेमच्या खोक्यावरून त्याचं नाव काढलं. गंमत अशी की गेमच्या आत दर मिशनला श्रेयनामावली येते आणि तिथे त्याचं नाव पुन्हा पुन्हा झळकतं. खोक्यावरचं पुसता आलं, आतलं पुसायला गेम फोडावा लागला असता.

त्यानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये आला मेटल गिअर सर्व्हाइव्ह. इंजिन (गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) फँटम पेनचंच, नावही मेटल गिअरचंच, आणि त्यात झोंबीसारख्या प्राण्यांना कुंपणाआडून भाले टोचत बसायचं. दुसरं कॅरेक्टर ठेवायचं तर वेगळे पैसे भरा. लोक चिडले ते कोजिमाचं नाव नाही म्हणून, असं पुष्कळांनी लिहिलं. मला तसं वाटत नाही. तोच गेम वेगळ्या नावाने आला असता तर "ठीक आहे, स्वस्त झाला की घेऊ" एवढंच म्हटलं असतं.

डेल्टा हा वेगळा प्रकार आहे. २८ ऑगस्ट २०२५ ला आलेला हा गेम म्हणजे २००४ च्या तिसऱ्या भागाचा रिमेक. आवाज जुन्या रेकॉर्डिंगचे, संवाद तेच, नकाशे तेच. चित्र आणि कंट्रोल नवे. थोडक्यात, उत्तरपत्रिका शेजारी ठेवून सोडवलेला पेपर. मार्क चांगलेच पडणार. याला मी कमी लेखत नाही, असं काम किती किचकट असतं ते मी जवळून पाहिलंय. पण वारसदार तयार झालाय का, हे त्यावरून कळत नाही, कारण अवघड निर्णय सगळे वीस वर्षांपूर्वीच होऊन गेलेत.

किचकट म्हणजे कसं, ते सांगतो. पुण्यात असताना आमच्या टीमकडे एका जुन्या प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायच्या) सिरीजचं काम आलं होतं. जुना गेम नव्या इंजिनात बसवायचा. मूळ डिझायनर कंपनी सोडून कधीच गेलेला. सोबत जाडजूड डॉक्युमेंट: उडी किती उंच, पळण्याचा वेग किती, शत्रू कितव्या सेकंदाला वळतो. आकडे सगळे होते, कारण एकाचंही नव्हतं. कोडमध्ये एका जागी '६' होता आणि शेजारी कॉमेंट, "याला हात लावू नका." एका सहकाऱ्याने शोधून काढलं, की हिरो कड्याच्या पुढे गेल्यावरही सहा फ्रेमपर्यंत उडीचं बटण चालतंय. म्हणजे पायाखाली जमीन नाही आणि गडी हवेतून उडी मारतोय! सरळसरळ बग. त्याने सहाचा शून्य केला.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगची पोरं कुरकुरायला लागली. "सर, कंट्रोल लेट लागायलंय." "गेम जड झालाय." नेमकं काय ते कुणालाच सांगता येईना. कंट्रोलर बदलले, टीव्हीच्या सेटिंग तपासल्या, फ्रेमरेट मोजला. सगळं ठीक, आणि तरी पोरं कड्यावरून धडाधड पडतायत. शेवटी ज्याने शून्य केला होता त्यालाच शंका आली आणि त्याने सहा परत टाकला. कुरकुर बंद.

सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. माणूस कडेला आल्यावर बटण दाबतो, पण अंगठा तेवढा उशिरा पडतोच. मूळ डिझायनरने तेवढी माफी देऊन ठेवली होती. आज याला 'कोयोटी टाइम' म्हणतात, कोणत्याही ट्यूटोरियलमध्ये सापडेल. त्या काळी ते त्या माणसाच्या डोक्यात होतं आणि डोकं त्याच्याबरोबर गेलं. एका मोठ्या सिरीजमध्ये असे शेकडो 'सहा' असतात. उडीचा सहा निदान टेस्टिंगमध्ये पकडला जातो. गोष्टीतला, विनोदातला, "इथे गाणं वाजवायचं नाही" असल्या निर्णयातला सहा गेम बाजारात गेल्यावर कळतो.

म्हणून सिरीज टिकणार का, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो: मूळ माणूस खुर्चीत असतानाच दुसऱ्या कुणी निर्णय घ्यायला सुरुवात केली होती का? निरोप समारंभाला किल्ल्या दिल्या असतील तर उशीर झालाय.

फायनल फँटसी बघ. हिरोनोबू साकागुचीने १९८७ मध्ये सुरू केली, पहिल्या पाच भागांचा डिरेक्टर तोच. पण १९९४ चा सहावा भाग त्याने योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो यांच्या हाती दिला आणि स्वतः प्रोड्यूसर झाला. १९९७ चा गाजलेला सातवा कितासेचाच. साकागुचीने २००१ मध्ये सिनेमा काढला, तो सपाटून आपटला, आणि २००३ मध्ये तो स्क्वेअरमधून बाहेर पडला. तोवर वारसदारांना गादीवर बसून नऊ वर्षं झाली होती. शिवाय या सिरीजमध्ये प्रत्येक आकड्याला जग नवं, पात्रं नवी, त्यामुळे मागच्याचं ओझं कमी.

पुढे ती आपटली नाही का? आपटली. २०१० चा चौदावा भाग इतका वाईट निघाला की कंपनीने जाहीर माफी मागितली. मग नाओकी योशिदाला आणलं. त्याने दुरुस्ती चालू ठेवून शेजारी अख्खा गेम नव्याने बांधायला घेतला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये जुनं जग कथेतच उद्ध्वस्त करून सर्व्हर बंद केले: आकाशातून चंद्र कोसळतो, त्यातून ड्रॅगन निघतो, सगळं जळतं. ऑगस्ट २०१३ मध्ये नवं जग उघडलं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. २०२१ मध्ये स्वतः साकागुची हा गेम खेळायला लागला आणि त्याचा पक्का नादी झाला. आपणच सुरू केलेल्या सिरीजमध्ये, आपला काही हात नसलेल्या भागात, इतर खेळाडूंबरोबर रात्री जागवायच्या. कोजिमा असा डेल्टा खेळत बसलाय, हे चित्र माझ्या काही डोळ्यांपुढे येत नाही.

झेल्डाचंही असंच. ती सुरू करणाऱ्या शिगेरू मियामोतोने आपल्या टीममधल्या एजी आओनुमाला १९९८ च्या ऑकरिना ऑफ टाइमची तळघरं उलटीपालटी करून दुसरी आवृत्ती काढायला सांगितलं. आओनुमाचं मन लागेना. मियामोतो म्हणाला, मग एका वर्षात नवा गेम करून दाखव. त्यातून २००० चा मेजोराज मास्क निघाला, तीन दिवसांत जग बुडतं आणि ते तीन दिवस पुन्हा पुन्हा जगायचे असा, आणि तो कुणाच्या मते सिरीजमधला सर्वांत धाडसी. इथे मियामोतोने काय केलं ते बघ. "माझ्यासारखं कर" म्हणाला नाही; मुदत दिली आणि सरकला. पुढे २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डचा नमुना त्याला दाखवला तेव्हा गडी बराच वेळ नुसता झाडांवर चढत राहिला, असं आओनुमाने सांगितलंय. तोवर त्या खेळाचा डिरेक्टर तिसराच होता, हिदेमारो फुजिबायाशी.

पैठणला जाऊन आलेल्या कुणालाही गावबाची गोष्ट माहीत असते. भावार्थ रामायण युद्धकांडात असतानाच नाथांनी देह ठेवला आणि उरलेलं गावबाने पूर्ण केलं, अशी परंपरा आहे. पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या वाड्यात राहिलेला, जड बुद्धीचा म्हणून चेष्टा होणारा पोरगा. लोक त्यात चमत्कार पाहतात. मला दिसतं ते इतकंच, की तो रोज त्या घरात बसून ऐकत होता. त्याला टेंडर काढून आणलेलं नव्हतं.

टेंडरची उदाहरणं आपल्या धंद्यात कमी नाहीत. सायलेंट हिलचे पहिले भाग कोनामीच्या आतल्या एका टीमने केले. ती पांगली आणि मग भाग बाहेरच्या वेगवेगळ्या स्टुडिओंकडे. बरीच वर्षं त्या नावाला कुणी विचारत नव्हतं. २०२४ मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने दुसऱ्या भागाचा रिमेक केला तेव्हा कुठे लोक परत आले. इथेही बघ, पुनरागमन रिमेकवरच. आणि आपल्या पुण्याचंही ऐकून ठेव. युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया सँड्स ऑफ टाइमचा रिमेक जाहीर केला, काम पुणे आणि मुंबईकडे होतं. ट्रेलर पाहून लोकांनी झोडपलं आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं, जिथे २००३ चा मूळ गेम झाला होता. तेव्हा "भारतीयांना जमत नाही" म्हणणाऱ्यांचा मला फार राग आला होता. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने २०२० मध्येच राजी हा गेम काढला होता, तो खेळून मग बोला म्हणावं.

सिव्हिलायझेशन या राज्य उभारायच्या सिरीजने तर हे सगळं नियमातच बसवलंय. खोक्यावर सिड मायरचं नाव १९९१ पासून आजही आहे, पण दुसऱ्या भागापासून मुख्य डिझायनर दुसरेच: ब्रायन रेनॉल्ड्स, पुढे सोरेन जॉन्सन, जॉन शेफर, एड बीच. त्यांच्याकडे एक हिशोब आहे, एक तृतीयांश जुनं तसंच, एक तृतीयांश सुधारून, एक तृतीयांश कोरं. शेफर तर मॉड करणाऱ्या, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल घालणाऱ्या, पोरांमधून आत आलेला. त्याने २०१० च्या पाचव्या भागात एका घरात एकच पलटण हा नियम आणला आणि जुन्या खेळाडूंची झोप उडवली, कारण चौथ्यात पलटणींचा ढीग रचून चालून जाता येत होतं. मायर वर बसलेला असताना एका तरुणाला एवढी मोडतोड करू दिली, ही त्या सिरीजची खरी कमाई. (गांधीजी अणुबॉम्ब टाकतात तो पहिल्या भागातला बग होता, ही गोष्ट मात्र खोटी आहे. मायरने स्वतः लिहून टाकलंय. तरी दर बॅचला कुणीतरी मला ती सांगतंच.)

रेसिडेंट इव्हिल या भीतीच्या सिरीजमध्ये असं हस्तांतर नीट झालं नाही, तरी ती वाचली, म्हणून माझ्या सिद्धांताला ती थोडी टोचते. तिचा मूळ डिरेक्टर शिंजी मिकामी २००५ चा चौथा भाग करून निघून गेला. पाचव्या-सहाव्याने चौथ्याची नक्कल मोठी मोठी करत नेली; २०१२ च्या सहाव्यात भीती सोडून सगळं होतं, स्फोट, पाठलाग, मुक्के. मग २०१७ मध्ये कोशी नाकानिशीच्या सातव्याने कॅमेरा डोळ्यात आणला आणि सगळा खेळ एका कुबट घरात कोंडला. चौथ्याचा एकही धागा दिसत नाही आणि तरी १९९६ च्या पहिल्याशी ते घर सरळ जुळतं. पण तिच्या कंपनीला, कॅपकॉमला, तिथे पोचायला मधे दोन भाग आणि बारा वर्षं लागली. एवढा वेळ आणि पैसा सगळ्यांकडे नसतो.

आता एक गोष्ट, जी चाहत्यांना आवडत नाही. 'मूळ माणूस' आपण बऱ्याचदा चुकीचा धरतो. मेगा मॅनचा जनक म्हणून केइजी इनाफुनेचं नाव घेतात. पहिल्या दोन भागांचा डिरेक्टर अकिरा कितामुरा होता. इनाफुनेने चित्रं काढली, पुढे सिरीज सांभाळली, आणि आपण जनक नाही हे तो स्वतःही सांगत आलाय. २०१० मध्ये त्याने कॅपकॉम सोडलं, २०१३ मध्ये लोकांकडून ३८ लाख डॉलरच्या वर वर्गणी गोळा करून तसाच खेळ, मायटी नंबर ९, काढला, आणि २०१६ मध्ये तो साफ पडला. मागे राहिलेल्यांनी २०१८ मध्ये मेगा मॅन ११ केला, तो बरा निघाला. माणूस गेला, सिरीज राहिली, आणि माणसालाच सिरीज सोबत नेता आली नाही. उलट कॅसलव्हेनिया सिरीज सांभाळणाऱ्या कोजी इगाराशीने कोनामी सोडून ब्लडस्टेन्ड काढला आणि जुन्या चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. दोन्ही होतं. पण नाव कायद्याने कंपनीचंच राहतं, हे लक्षात ठेव. अल्टिमा सिरीज सुरू करणारा रिचर्ड गॅरियट ईए या कंपनीतून बाहेर पडला आणि अल्टिमा तिथेच अडकून पडली. तिला नवा क्रमांक १९९९ नंतर मिळालेला नाही.

आणि कुणीच करत नसलं तरी खेळणारे सोडतात असं नाही. ईएचा क्रिकेट ०७ घे. २००६ च्या शेवटी आला, कॅनडाच्या एचबी स्टुडिओजने केलेला. त्यानंतर ईएने क्रिकेट काढलंच नाही. डिझायनर कोण होता हे मलाही कधी शोधावंसं वाटलं नाही. पण नव्या जर्सी, नव्या टीम, आयपीएलचे पॅच पोरं स्वतः बनवून घालत राहिली. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या कितीतरी जणांनी आयुष्यात पहिली फाइल उघडून बदलली ती याच गेमची.

आता तुझ्या दोन प्रश्नांकडे. नवा भाग निघेल असं मला वाटतं; डेल्टावर काम केलेल्या लोकांना त्या खेळाचे 'सहा' कुठे कुठे आहेत ते आता कळलेत, आणि कोनामीला नाव नुसतं पडून राहू देणं परवडणारं नाही. निघाला की ट्रेलर बघू नकोस, डिरेक्टरचं नाव जाहीर करतायत का ते बघ. नाव लपवून नुसता लोगो पुढे केला तर थांब. एखाद्या नवख्याला पुढे उभं करून "हा याचा गेम आहे" म्हणाले, तर पहिल्या दिवशी घे, पडला तरी बघण्यासारखा पडेल.

डेल्टा घे, पण मूळ तिसरा कधीच खेळला नसशील तरच. खेळला असशील तर मास्टर कलेक्शनचा पहिला खंड सेलमध्ये येतो, त्यात पहिले तिन्ही सॉलिड आहेत. ते आधी संपव. डेल्टात सुरुवातीलाच जुनी कंट्रोल पद्धत ठेवायची का नवी, ते विचारतात. पहिल्यांदाच खेळतोयस तर नवी ठेव. जुनीत कॅमेरा वरून असतो, समोरचा पहारेकरी तुला दिसायच्या आत तू त्याला दिसलेला असतोस, आणि पहिल्याच तासात कंट्रोलर आपटशील.